आजारी माणसाची हजेरी

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मरणार्थ दिलेले व्याख्यान)



लोखंड्यांचं नाव निघालं की आपण रविवारच्या सुट्टीवर येतो. १० जून १८९० ला ती मिळाली आणि हा माणूस त्या एका वाराला कायमचा चिकटून बसला. मला आज त्यांच्या दुसऱ्या एका मागणीबद्दल बोलायचं आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्या पुढाकाराने सभा भरवून फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी निवेदन तयार केलं, त्यावर साडेपाच हजार कामगारांची नावं होती. त्यात रविवार होता, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या असं होतं. आणि शेवटी असंही होतं की, कामावर जबर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची तजवीज व्हावी.

ही मागणी करणाऱ्यांपैकी कोणाकडे नेमणूकपत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. जॉबरने आत घेतलं की माणूस कामगार, जॉबरने बाहेर काढलं की संपलं. मालकाच्या हातात कामगाराला बांधून ठेवणारी एकच दोरी असे, ती म्हणजे मागे ठेवलेला पगार. तरीही १८८४ च्या त्या माणसांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: बिछान्याला खिळलेला कामगार बरा होईपर्यंत गिरणीचाच माणूस असतो. मागणी पगाराची होती, पण तिच्या तळाशी हे गृहीतक होतं. 

आज भिवंडीच्या गोदामात, वसईच्या गाळ्यात, चाकणच्या एखाद्या छोट्या युनिटमध्ये हेच गृहीतक रोज मोडलं जातं. चार वर्षं काम केलेला माणूस असतो. कावीळ होते किंवा छातीत पाणी होतं. तो गावी जातो, कारण खोलीवर त्याला पेज करून घालणारं कोणी नसतं. जाताना सुपरवायझरला फोन करतो, सुपरवायझर म्हणतो, बरा होऊन ये. दोन महिन्यांनी तो हडकलेला, पण पायावर उभा, गेटवर येतो आणि वॉचमन सांगतो, तुझं नाव कमी केलंय. कोणी कमी केलं, कधी केलं, कागद कुठे आहे, काहीच नाही. फारच आवाज चढवला तर आतून एक माणूस येतो आणि विचारतो, तुझ्याकडे लेटर आहे का?

माझ्या वकिलीच्या टेबलासमोर बसलेल्या अशा प्रत्येक माणसाने पहिलं वाक्य हेच उच्चारलेलं आहे: साहेब, माझ्याकडे लेटर नाही. तो गुन्हा कबूल केल्यासारखं हे सांगतो. म्हणून आधी या लेटरचा निकाल लावू.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण याची व्याख्या आहे. त्यात अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा माणूस येतो, आणि नोकरीच्या अटी उघड बोलून-लिहून ठरलेल्या असोत की व्यवहारातून गृहीत धरायच्या असोत, तो कामगारच राहतो. हे व्याख्येतच लिहिलेलं आहे. १८७२ च्या करार कायद्यानेही तोंडी करार कधी नाकारला नाही. सकाळी आठला गेट उघडून आत घेतलं, मस्टरवर खूण केली, महिनाअखेर पैसे दिले, तिथे करार झाला. मालक म्हणत असेल की करारच नव्हता, तर त्याला विचारावं, पगार कशाचा देत होतास?

उलट मी तर म्हणेन की लेटर नसल्याने अडचण मालकाची व्हायला हवी. चोवीस तासांच्या नोटिशीवर काढू, आठ दिवस गैरहजर राहिलास तर नोकरी गेली समज, असल्या अटी त्याने कुठे लिहून घेतल्या आहेत? जिथे कामगारांची संख्या पुरेशी आहे तिथे आदर्श स्थायी आदेश, म्हणजे नोकरीचे ठरीव नियम, कायद्यानेच लागू होतात, त्यांना कोणाची सही लागत नाही. ज्या मालकाने काहीच लिहिलं नाही त्याला सोयीची अट आयत्या वेळी खिशातून काढता येत नाही. हे कामगारांना कोणी सांगत नाही, आणि मालकांना त्यांचे वकील सांगत असतील तरी ते ऐकत नसावेत.

आता दुसरा गैरसमज, आणि तो आपल्या बाजूचा आहे. युनियनच्या सभांमध्ये मी ऐकतो की आजारी माणसाला काढताच येत नाही. हे अर्धंच खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्या भरवशावर माणसं घरी बसून राहतात.

खरा भाग १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यात आहे. या कायद्याचा पाया प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालात आहे. तो अहवाल आला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. ज्याला आपण नुसतं ई.एस.आय. म्हणतो त्या कायद्याचं कलम ७३ सांगतं की कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना, किंवा आजारासाठी वैद्यकीय उपचार घेत असताना, मालकाने त्याला काढू नये, बडतर्फ करू नये, खालच्या पदावर टाकू नये की दुसरी शिक्षा देऊ नये. या काळात दिलेली नोटीस लागूच होत नाही. पण या संरक्षणाला मुदत आहे. विनियमांनी मालकाला वाट ठेवली आहे: सहा महिने सलग उपचार चालले तर रीतसर नोटीस देऊन तो कामगाराला कमी करू शकतो, आणि क्षयासारख्या दीर्घ आजारात ही मुदत अठरा महिन्यांची आहे. शिवाय हे सगळं विमा असलेल्या कामगारासाठी. दरमहा २१,००० रुपयांच्या वर पगार असेल तर तो या छत्राबाहेर आहे.

औद्योगिक विवाद कायद्यातही अशीच एक फट आहे. सलग वर्षभर काम केलेल्याला कमी करायचं तर कलम २५-एफ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. चार वर्षांना साठ दिवसांचा पगार. रक्कम हसण्यासारखी आहे. तिची ताकद वेगळीकडे आहे: ती आधी दिली नाही तर कमी करणंच रद्दबातल ठरतं. हे ठरलं ते आपल्या मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या दोन सेविकांच्या प्रकरणात, १९६० साली. हॉस्पिटल मजदूर सभेचा हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. पण याच कायद्याच्या व्याख्येत सततच्या आजारामुळे नोकरी संपवली तर ती कामगारकपात धरलेली नाही. म्हणजे मालक सरळपणे म्हणाला की हा माणूस दीर्घकाळ आजारी आहे, आता काम करू शकणार नाही, तर २५-एफ ची भरपाईही नाही.

तरी मालक हा सरळ रस्ता फार क्वचित धरतो. तिथे डॉक्टर लागतो, तपासणी लागते, दोन महिन्यांच्या काविळीला सततचा आजार ठरवणं न्यायालयात हास्यास्पद दिसतं. त्यामुळे कागदावर आजार कधीच येत नाही. मस्टरवर त्या साठ दिवसांपुढे ग असं लिहिलं जातं. गैरहजर. आजारी माणसाचा खटला आजारावर जवळजवळ कधीच लढला जात नाही, तो या एका अक्षरावर लढला जातो, आणि ते अक्षर लिहिलं जातं तेव्हा माणूस शेकडो मैलांवर अंथरुणात असतो.

न्यायालयांना हे समजायला वेळ लागला. तो इतिहास सांगतो, कारण त्यात आपला साताऱ्याचा माणूस आहे.

मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतला एक कामगार जानेवारी १९५७ मध्ये थोड्या दिवसांची रजा घेऊन गेला आणि मुदतीत परतला नाही. आला तेव्हा म्हणाला, आजारी होतो, आणि दाखला पुढे केला. गिरणीच्या स्थायी आदेशात नियम होता की विनारजा सलग आठ दिवस गैरहजर राहिला आणि समाधानकारक खुलासा दिला नाही तर कामगाराने नोकरी सोडली असं समजावं. गिरणीने तो लावला. कामगाराच्या बाजूने कलम ७३ पुढे केलं गेलं. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने गिरणीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालय म्हणालं, कलम ७३ मालकाने केलेल्या शिक्षेला आडवं येतं, इथे मालकाने काही केलंच नाही, नियमाने नोकरी आपोआप संपली. निकालपत्र होतं पुन्हा साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांचं.

मला गजेंद्रगडकरांबद्दल अपार आदर आहे. या देशाचा कामगार कायदा ज्या थोड्या न्यायाधीशांनी घडवला त्यांत ते पहिल्या ओळीत बसतात, आणि जे. जे. रुग्णालयातल्या सेविकांचा निकालही त्यांचाच. पण १९६३ चा हा निकाल मला कधी पटला नाही. आपोआप म्हणजे काय? मस्टर आपोआप लिहिलं जात नाही. खुलासा समाधानकारक नाही, हे कोणीतरी खुर्चीवर बसून ठरवतं. आणि आजारी माणूस नोकरी सोडून गेला असं मानायचं तर तो दाखला घेऊन परत कशाला आला?

पुढची तीस वर्षं सर्वोच्च न्यायालय या जागेवरून हळूहळू सरकत गेलं. १९७६ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी कामगारकपातीची व्याख्या कोणत्याही कारणाने नोकरी संपवण्यापर्यंत ताणली. १९८२ मध्ये दक्षिण रेल्वेच्या एका कामगाराचं प्रकरण आलं. वीस वर्षांहून जास्त काळ तो हंगामीच होता. त्याचं नाव गैरहजेरीवरून पटावरून काढलं होतं. न्यायालयाने सांगितलं, पटावरून नाव काढणं हीसुद्धा कामगारकपातच, २५-एफ पाळलं नाही तर ती टिकत नाही. आणि १९९३ मध्ये फरीदाबादच्या जे. एम. ए. इंडस्ट्रीजचा निकाल आला. तिथेही आठ दिवसांचाच नियम होता. कामगाराचं म्हणणं होतं की ३ डिसेंबर १९८० पासून मी रोज गेटवर येत होतो, मला आत सोडत नव्हते, हजेरीवर सही करू देत नव्हते. कंपनीचं म्हणणं, हा गैरहजर होता. न्यायालय म्हणालं, स्थायी आदेशात काहीही लिहिलेलं असो, माणसाची बाजू ऐकल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय त्याची रोजीरोटी काढून घेता येणार नाही, हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदाचा प्रश्न आहे. कामगार निम्म्या मागील पगारासह कामावर परत गेला. आजही आजारी माणसाच्या वकिलाने पहिल्यांदा हाच निकाल हाती घ्यायचा असतो.

महाराष्ट्राकडे आणखी एक हत्यार आहे आणि त्याचा आपण पुरेसा उपयोग करत नाही, ही माझी जुनी तक्रार. १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा, कोर्टात ज्याला नुसतं पल्प म्हणतात. त्याच्या चौथ्या परिशिष्टातला पहिलाच विषय कामावरून काढण्याचा आहे, आणि त्यातली एक बाब थेट आपली आहे: विनापरवानगी गैरहजेरीच्या खोट्या किंवा बनावट आरोपावरून काढणं ही अनुचित प्रथा. हा कायदा करणाऱ्यांना मस्टरवरच्या त्या ग ची पूर्ण ओळख होती. सरकारच्या शिफारशीची वाट न पाहता कामगार स्वतः कामगार न्यायालयात जाऊ शकतो, अंतरिम हुकूम मागू शकतो. मुदत नव्वद दिवसांची. नव्वद दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात. पण आजारातून उठलेल्या माणसाचे त्यातले बरेचसे दिवस सुपरवायझरच्या, साहेब आले की बोलतो, या वाक्यावर जातात.

आणि इथेच लेटर नसल्याचा खरा फटका बसतो. मघाशी मी म्हणालो की लेटर नसलं तरी हक्क आहे. आहेच. पण २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालक-कामगार हे नातंच मालकाने नाकारलं तर पल्पच्या न्यायालयाला ते ठरवता येणार नाही, आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली जाऊन ते नातं सिद्ध करून या. हे दोन्ही खटले ठेकेदारीच्या वादातले. पण त्याचा आडोसा घेऊन आज कुठलाही गाळेवाला पहिल्या तारखेला उत्तर देतो, या माणसाला आम्ही ओळखत नाही. चार वर्षं ज्याच्या हातचा माल ट्रकवर चढला त्याला ओळखत नाही. लवकर निकाल देणारं न्यायालय कामगाराच्या हातून निसटतं आणि तो लांबच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

त्या रांगेत त्याला सलग वर्षाच्या नोकरीसाठी लागणारे कामाचे २४० दिवस सिद्ध करायचे असतात. भार त्याच्यावर, असं २००२ पासून न्यायालयं बजावत आली आहेत. नुसतं शपथपत्र पुरत नाही. २००५ मध्ये थोडी हवा खेळती झाली: कामगाराने साक्षीला उभं राहून आपल्याकडे आहे ते दाखवावं, मस्टर आणि पगारपत्रक मालकाने आणावं अशी मागणी करावी, आणि मालकाने ते दडवलं तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकतं. दिवस मोजताना पगारी रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही धरायच्या, हे १९८५ मध्येच ठरलं आहे. त्या साप्ताहिक सुट्टीने लोखंडे इथे पुन्हा उपयोगी पडतात. आणि कलम २५-बी म्हणतं की आजारपणाने नोकरीची सलगता तुटत नाही.

तर त्याच्याकडे असतं काय? मी माझ्या अशिलांना पिशवी उलटी करायला लावतो. बँकेचं पासबुक निघतं, त्यात दरमहा एकाच खात्यातून आलेले पैसे दिसतात. फंडाचा नंबर निघतो. गेटपास निघतो, ज्यावर कंपनीचं नाव असतं आणि मागे ठेकेदाराचं. हल्ली मोबाइल असतो: सुपरवायझरचा निरोप, उद्या नाइटला ये, गोदामातल्या सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो, ज्यात हा पहिल्या रांगेत उभा आहे आणि मालक आरती धरून आहे. तो फोटो मी पुराव्यात दाखल करतो. त्यावरची तारीख बोलते.

सगळ्यात मोलाचा असतो ई.एस.आय.चा नंबर. या कायद्यातला कामगार म्हणजे थेट ठेवलेलाच नव्हे, ठेकेदारामार्फत आलेलाही. मालकाने वर्गणी भरली नाही तरी लाभ विमा महामंडळ देऊ शकतं आणि नंतर मालकाकडून वसूल करू शकतं. पण इथे एक चलाखी पाहायला मिळते. माणूस आजारी पडला की घाईघाईने त्याची नोंदणी होते आणि रुजू होण्याची तारीख पडते गेल्या आठवड्याची. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी असेल तरच आजारपणाचा रोख लाभ मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के. मागची तारीख पुसली की लाभ जातो, आणि लाभासोबत चार वर्षंही जातात.

दाखल्याबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. विम्याचा कामगार गावच्या खासगी डॉक्टरकडे जातो, कारण विमा दवाखाना दूर असतो किंवा तिथली रांग त्याला माहीत असते. मग कलम ७३ चं संरक्षण मागायला त्याच्याकडे विमा डॉक्टरचा कागद नसतो. मी त्याला दोष देत नाही. परंतु पहिल्या आठवड्यात कोणाच्या तरी हातून गावच्या पोस्टातून कंपनीच्या पत्त्यावर एक रजिस्टर पत्र गेलं पाहिजे: मी अमुक तारखेपासून आजारी आहे, अमुक डॉक्टरकडे उपचार चालू आहेत, बरा होताच कामावर हजर होईन, माझा गावचा पत्ता हा. चार ओळी. मस्टरवरच्या ग ला उत्तर म्हणून याहून भारी कागद मी पाहिलेला नाही. नोकरी सोडण्याचा इरादा नव्हता, हे त्याच्या पोचपावतीवर लिहिलेलं असतं.

एक मुंबईचा निकाल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका सार्वजनिक उपक्रमातला हंगामी मजूर आला. त्याची कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा वैद्यकीय तपासणीत एच.आय.व्ही. निघाला आणि त्याचं नाव यादीतून गेलं. तो काम करायला पूर्ण समर्थ होता. न्यायालयाने त्याला आणि उपक्रमाला नावाऐवजी अक्षरं दिली, आणि निकाल त्याच्या बाजूने दिला: आजार आहे एवढ्यावरून नाही, काम होत नाही किंवा दुसऱ्याला धोका आहे हे दाखवलं तरच. कायम नेमणुकीचा कागद नसलेल्या माणसाने संविधानावर मिळवलेला हा विजय आहे. एच.आय.व्ही.संबंधीचा केंद्राचा कायदा यायला त्यानंतर वीस वर्षं लागली.

घरकामाच्या बायका, दोन नोकर असलेलं दुकान, आणि दुसऱ्या टोकाला व्यवस्थापकाच्या पदावरचा माणूस, हे सगळे आज मी सांगितलेल्या बहुतेक गोष्टींच्या बाहेर राहतात. त्यांचं स्वतंत्र व्याख्यान होईल. जिंकलेल्यांबद्दलही खोटी आशा लावत नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चुकीने काढलेल्याला मागील पगारासह परत घेणं हा नियम सांगितला. पण रोजंदारीवरच्या माणसाला परत न घेता ठोक रकमेवर बोळवण करण्याचे निकालही त्याच न्यायालयाने दिलेले आहेत.

आता नव्या संहिता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं. जुन्या कलमांचे आकडे त्यामुळे बदलले. त्याआधी काढलेल्यांचे खटले मात्र मी सांगितलेल्या कायद्यांवरच चालू आहेत. नव्या संहितांपैकी सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं आहे, आणि आधीपासून कामावर असलेल्यांना ते दिलेलं नसेल तर संहिता लागू झाल्यापासून तीन महिन्यांत. मला या तरतुदीचं कौतुक आहे आणि तिची भीतीही आहे. पत्र हातात आल्याच्या आनंदात माणूस सही करून मोकळा होतो. चार वर्षं काम केलेल्याला आजच्या तारखेचं पत्र दिलं, किंवा सहा महिन्यांच्या मुदतीचं दिलं, तर जे त्याने घामाने जमवलं होतं ते एका सहीत जातं. इथे बसलेल्या युनियनच्या मुलांना माझं सांगणं एवढंच की पत्र आलं की आधी रुजू होण्याची तारीख वाचा. चुकीची असेल तर सहीच्या खाली खरी तारीख आपल्या हाताने लिहा, आणि कागद परत देण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.